रिकाम्या खुर्चीचा डेक

ती कवळ्या करायची. दातांच्या डॉक्टरांकडून तोंडाचे साचे यायचे. त्यांत प्लास्टर ओतायचं, मेणाच्या हिरड्यांवर एकेक दात बसवायचा, आणि वरची ओळ खालच्या ओळीवर नीट टेकतेय ना, ते पुन्हा पुन्हा पाहायचं. या कामात हात जेवढा चालतो तेवढाच तो थांबतो. प्लास्टर घट्ट होईपर्यंत थांबा, मेण निवेपर्यंत थांबा, भट्टीतून काढलेली कवळी गार होईपर्यंत थांबा. कारखान्यातल्या बाकीच्या बायका तेवढ्या वेळात आपापल्या सासवांचे वाभाडे काढून घेत. हिला गप्पांचं अंग नव्हतं. ती फोनवर पत्ते खेळायला लागली.

हे पत्ते म्हणजे आपले बदाम-इस्पिक नव्हेत. एकेका पत्त्यावर एकेक चित्र, त्याखाली त्याची करामत लिहिलेली. कुणी आग लावतो, कुणी भिंत उभारतो, कुणी समोरच्याच्या हातातला पत्ता पळवतो. हजारो पत्त्यांतून आपल्या पसंतीचे तीस निवडायचे आणि जगातल्या कुठल्याही अनोळखी माणसासमोर बसायचं. त्या तिसांच्या गड्डीला खेळणारे डेक म्हणतात. दर काही महिन्यांनी कंपनी नव्या पत्त्यांची भर घालते, त्याला म्हणतात एक्स्पान्शन. मग काल राजा असलेला डेक आज भिकेला लागतो, आणि जो तो विचारत सुटतो, आता सगळ्यात ताकदीचा डेक कोणता?

याचं उत्तर देण्यात तिचा हातखंडा होता. घाई करून बोलायची नाही. प्रत्येक डेक प्रत्येक डेकशी भिडवून बघायची, अगदी वरचा दात खालच्या दातावर बसवून बघावा तशी, आणि मग एक छोटा व्हिडिओ टाकायची. "डेक एकटा ताकदवान नसतो हो," ती म्हणायची. "समोर कोण आहे त्यावर सगळं. एकटा दात काही चावत नाही." व्हिडिओत तिच्या मागच्या फळीवर कवळ्यांची रांग दिसायची, दात विचकून बसलेली. त्यावरून तिचं नाव कवळीवाली पडलं. त्यात चेष्टा थोडी आणि मान जास्त होता. कवळीवालीने डेकला नाक मुरडलं की तो दोन दिवसांत बाजारातून उठायचा.

घरी हे कुणाला ठाऊक नव्हतं, म्हणजे नवऱ्याला ठाऊक होतं पण उमगलेलं नव्हतं. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर मजल्यांमध्ये अडकलेल्या लोकांना सोडवून संध्याकाळी सोफ्यावर आडवा व्हायचा. आणि सासूबाई. सासूबाईंशी तिचं कधी भांडण झालं नाही, कारण बोलणंच झालं नाही. भाजीत मीठ कमी पडलं तर त्या ताट एक बोट पुढे सरकवायच्या; बरं झालं असेल तर सरकवायच्या नाहीत. एवढंच. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून काढली होती. शेजारच्या बायका म्हणायच्या, जन्मभर दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली, आता यांच्या वाट्याची संपली असतील.

मग एके दिवशी अंघोळीला उठता उठता त्या पडल्या. अर्धांगवायूने उजवी बाजू गेली, वाचा गेली. राहिला तो डावा हात, त्यातही धड म्हणावं असं एकच बोट. नवऱ्याची नोकरी सोडण्यासारखी नव्हती. तिने कारखान्याच्या मालकिणीला विचारलं आणि काम घरी आणलं. खिडकीपाशी सासूबाईंची खुर्ची, खुर्चीला लागून हिचं टेबल, टेबलावर मेण, दिवा, घासायची मोटर, आणि एका स्टँडवर टॅब. दोघी दिवसभर एका खोलीत, आणि आवाज म्हणाल तर फक्त मोटरचा.

अशात ते एक्स्पान्शन आलं. त्याचं नाव होतं ‘ओसाड शहर’. सगळे पत्ते रिकाम्या घरांचे: थांबलेलं घड्याळ, ओला धागा, मुका घंटावाला, कुणीच बसलेलं नाही अशी खुर्ची. चित्रं देखणी होती, पण बघणाऱ्याला आपण कुणाच्या तरी घरात न विचारता शिरलोय असं वाटायचं.

पहिल्या आठवड्यात तीन डेक वर आले. ‘ठिणगी’ सुरुवातीलाच अंगावर धावून जायचा, समोरच्याला श्वास घेऊ द्यायचा नाही. ‘वारूळ’ मुंगीसारखी छोटी छोटी पात्रं सोडत राहायचा, एक मारली तर दोन हजर. आणि ‘धुकं’ सगळं अडवून धरायचा आणि शेवटी एकच मोठा घाव घालायचा. ठिणगी धुक्याला जाळायची, धुकं वारुळाला गुदमरवायचं, वारूळ ठिणगीला पुरून उरायचं. तिने तिघांना घासून पुसून पाहिलं आणि व्हिडिओ तयार केला. टाकायच्या आधी एक शेवटचा डाव म्हणून धुक्यासमोर बसली.

तेव्हा सासूबाईंचं बोट उठलं.

तिला आधी वाटलं, पाणी हवंय. पेला पुढे केला तर बोट पेल्याला वळसा घालून टॅबकडे गेलं आणि तिच्या हातातल्या पत्त्यांपैकी एकावर टेकलं. रिकामी खुर्ची. एक्स्पान्शनमधला सगळ्यात टाकाऊ पत्ता. तो ठेवला की त्या खेपेला तुम्हीही काही करायचं नाही आणि समोरच्यानेही नाही. तो तिच्या डेकमध्ये चुकूनच राहून गेला होता.

"आई, तो नाही हो कामाचा," ती म्हणाली, पण म्हाताऱ्या माणसाचं मन मोडायला नको म्हणून ठेवला.

समोरच्याचा मोठा घाव त्याच खेपेला यायचा होता. तो हवेतच विरला. डाव तिने जिंकला.

योगायोग, तिने मनाशी म्हटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा बोट उठलं. तिसऱ्या दिवशी ते डेक बांधायच्या पानावरच फिरायला लागलं. हा काढ, तो घाल. घालायला सांगितलेला एकेक पत्ता ओवाळून टाकावा असला. थांबलेलं घड्याळ, ओला धागा, घंटावाला. मारणारा एकही नाही. या डेकने समोरच्याला हरवायचं कसं, तर नुसतं बसून. तो पत्ते टाकत राहतो, त्याचे पत्ते वाया जात राहतात, आणि शेवटी गड्डी संपली की नियमाने तोच हरतो. पण त्यासाठी समोरचा पुढच्या खेपेला काय करणार हे आधी माहीत असावं लागतं. सासूबाईंना ते माहीत असायचं. समोरच्याने पत्ता उचलायच्या आधी त्यांचं बोट आपल्या पत्त्यावर जाऊन थांबलेलं असायचं, बसची वाट बघणाऱ्या माणसासारखं निवांत.

ठिणगी विझली, वारूळ उपाशी मेलं, धुकं नुसतंच तरंगत राहिलं.

नवऱ्याने एका सुट्टीच्या दिवशी पाहिलं आणि हसला. "अगं, तिचं बोट थरथरतं. कुठला पत्ता ते तूच ठरवतेस, आणि नाव तिचं घेतेस."

तिलाही ते पटण्यासारखं होतं. तिने टॅब खुर्चीच्या हातावर टेकवून दिला आणि स्वतः पाठ करून मेणाच्या हिरड्या कापत बसली. मागून बोटाचा मऊ आवाज येत राहिला, टक, टक, मग बराच वेळ काही नाही, मग टक. वळून पाहिलं तर पडद्यावर विजयाची कमान.

नवरा हसायचा थांबला. म्हणाला, "चहा टाकतेस का?" आणि आत निघून गेला.

तिने तो डेक लोकांसमोर ठेवला. नाव दिलं ‘मुका डेक’. कुठून सुचला ते सांगितलं नाही. हजारोंनी तो उतरवून घेतला आणि हजारोंनी मार खाल्ला. दुसऱ्या कुणाच्याच हातात तो चालेना. शिव्यांचा पाऊस पडला. कुणीतरी लिहिलं, ‘कवळीवालीचे स्वतःचेच दात पडले.’ ते वाचून तिला हसू आलं आणि राग आला, दोन्ही एकदम. पण शिव्या खाली सरकवता सरकवता एका माणसाची ओळ तिला दिसली: हा डेक नवा नाही, वरच्या पायरीवर एक जण एक्स्पान्शन आल्यापासून हाच खेळतोय, हेच तीस पत्ते.

तिने ते नाव शोधलं. नुसते आकडे होते, अक्षर एकही नाही. आणि खरंच, तिसांपैकी तीस पत्ते तेच.

त्या दुपारी खेळाने त्या दोघांची गाठ घालून दिली. सासूबाई जेवून बसल्या होत्या. पडद्यावर ते आकडे उमटले आणि त्यांनी पाठ ताठ केली. पडल्यापासून त्या कधी ताठ बसल्या नव्हत्या. बोटाने पहिला पत्ता ठेवला, रिकामी खुर्ची. समोरून रिकामी खुर्ची. यांनी धागा, त्यांनी घंटावाला. मारणं नाही, अडवणं नाही. पत्ते पडत होते आणि उचलले जात होते, कधी भराभर, कधी लांब थांबून, आणि त्या थांबण्यालाही काही माप होतं. ती मेणाचा चमचा हातात धरून बघत राहिली. दिव्यावर धरलेलं मेण खाली गळून टेबलावर थिजलं तरी तिच्या लक्षात आलं नाही. दोन्ही गड्ड्या एकाच वेळी संपल्या आणि डाव बरोबरीत सुटला. बरोबरी या खेळात कुणी पाहिलेली नसते.

सासूबाईंच्या चेहऱ्याची चांगली बाजू हसत होती.

दुसऱ्या दिवशी तीच वेळ, तेच आकडे, पुन्हा बरोबरी. मग रोज. सासूबाई नीट जेवायला लागल्या, झोपायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, सुनेची सेवा फळाला आली.

शेवटी तिने त्या आकड्यांना निरोप पाठवला: आपण कोण? माझ्या सासूबाई आपल्याशी खेळतात.

उत्तर आलं ते एका सेवकाचं. दूरच्या एका गावाबाहेर म्हाताऱ्या माणसांची देखभाल करणारी एक संस्था होती, तिथे तो कामाला होता. त्याने फोनच केला.

"ताई, खेळणारा मी नाही हो. मी आपला फावल्या वेळात खेळायचो. तर आमचे एक आजोबा आहेत, एकदा त्यांचा हात टॅबवर पडला, आणि तेव्हापासून देतच नाहीत परत. मला वाटलं चाळा असेल. आता बघतो तर मी जन्मात चढलो नसतो त्या पायरीवर बसलेत."

"फार हुशार दिसतात."

"हुशार असतीलही. पण ताई..." तो जरा घुटमळला. "आजोबांना दिसत नाही. दोन्ही डोळे गेलेत, मी इथे लागायच्या आधीच."

तिने फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला. "बोलतात का?"

"एवढंच बोलतात, ‘लाइनवर आहे, गप्प बस.’ मी भरवायला गेलो तरी तेच."

लाइन हा शब्द ऐकून ती उठून नवऱ्याकडे गेली. लिफ्टवाल्या माणसाला आईच्या नोकरीबद्दल काही आठवेल अशी तिला आशा नव्हती, पण त्याला आठवलं. लहानपणी शाळा सुटली की तो एक्स्चेंजच्या बाकावर बसून राहायचा.

"ट्रंक कॉल असायचे ना, दूरच्या गावचे," तो म्हणाला. "इकडे आई, तिकडच्या बोर्डावर कुणी एक माणूस. वर्षानुवर्षं तोच. खासगी बोलायची बंदी होती, मागे मोठ्या बाई फेऱ्या मारायच्या. मग हे दोघं नखाने वाजवायचे, बोलायच्या भोंग्यावर. टक, टकटक. त्यांची आपली भाषा. मी विचारलं तर आई म्हणायची, लाइन तपासतेय."

"भेटले होते कधी?"

"कशाला भेटतील? मग यंत्रं आली, नंबर आपोआप लागायला लागले, बोर्ड भंगारात गेले. आई त्या दिवशी घरी आली ती गप्पच आली." त्याने आईच्या खोलीकडे पाहिलं. "बाबांना माहीत नव्हतं. म्हणजे, माहीत करून घेण्यासारखं काही नव्हतंच ना त्यात."

तिला बरं वाटलं. भुताखेताचं काही नाही, दोन जुनी माणसं आहेत. डोळे गेलेला माणूस पत्ते कसा ओळखतो, आणि जगभरच्या लाखो खेळणाऱ्यांत हे दोघं नेमके कसे भेटले, हे प्रश्न तिने टाचणीने कुठेतरी टोचून ठेवले, नंतर बघू म्हणून.

नंतर म्हणजे फार दिवसांनी नाही. एका दुपारी टॅबवर मेणाचे डाग पडले होते म्हणून ती तो पुसायला स्वयंपाकघरात घेऊन गेली. ओट्यावर ठेवला, फडकं ओलं केलं. खोलीतून आवाज येत होता, टक, टकटक. सासूबाई खुर्चीच्या लाकडी हातावर बोट वाजवत होत्या. वेळ झाली, आता तगादा लावतील, असं म्हणत ती वळली आणि तिने टॅबकडे पाहिलं.

डाव सुरू होता. तिने सुरू केलेला नव्हता. पडद्यावर तिच्या बाजूला रिकामी खुर्ची मांडलेली होती, समोर घंटावाला. खोलीत टक झालं, आणि ओट्यावरच्या पडद्यावर ओला धागा आपोआप उचलला गेला, मधे आला, बसला. खिडकीतून भरपूर ऊन येत होतं. नळ तिने बंद केला होता तरी थेंब पडत होते. खोलीत टकटक झालं. पडद्यावर थांबलेलं घड्याळ सरकलं.

तिने फडकं टॅबवर टाकलं, जसं चुलीवरच्या भांड्यावर टाकावं तसं, आणि बाहेर गॅलरीत जाऊन उभी राहिली.

तिथूनच तिने सेवकाला फोन लावला. "आजोबा आत्ता खेळतायत का, एवढं बघून सांगता?"

"कुठले खेळतायत, ताई! टॅब परवाच बंद पडला, चार्जच होत नाही. दुरुस्तीला दिलाय. आजोबा आपले पलंगाच्या दांडीवर बोट वाजवत बसलेत."

"मग माझ्यासमोर आत्ता कोण खेळतंय?"

त्याच्या बाजूने, लांबून, लोखंडावर नख वाजल्याचा आवाज आला. टक. आणि हिच्या पाठीमागे खोलीत, बरोबर एक श्वास थांबून, टकटक.

दोघांनीही एकमेकांचा निरोप न घेता फोन ठेवले.

त्यानंतर जे झालं ते कंपनीने केलं. कंपनीचं पत्र आलं: तुमच्या खात्यावरून पडद्याला हात न लावता खेळ्या केल्या जातात, तुम्ही यंत्राकडून खेळवून घेता, आणि दुसऱ्या एका खात्याशी संगनमताने रोज बरोबरी करता. दोन्ही खाती कायमची बंद. बातमी पसरायला काय वेळ? ज्यांनी वर्षानुवर्षं तिच्या शब्दावर डेक बांधले होते त्यांनीच तिला लबाड ठरवलं. एक जुना खेळाडू, तिला ताई म्हणणारा, त्याने लिहिलं, ‘तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. एकदा तरी खुलासा करा.’

तिने उत्तर लिहायला घेतलं. माझ्या सासूबाई खुर्चीत बसून, असं लिहिलं, आणि पुसलं. काय लिहिणार? ज्या गोष्टीवर आपलाच विश्वास बसत नाही तिची शपथ कुठल्या तोंडाने घ्यायची? तिने व्हिडिओ काढून टाकले. कवळ्यांची रांग असलेली फळी भिंतीकडे वळवून ठेवली.

खातं बंद झालं त्या दुपारी ती मुद्दाम सासूबाईंसमोर बसली. आता लाइन पुन्हा तुटली, या पुन्हा गप्प होणार, या धास्तीने तिने त्यांचा हात हातात घेतला. "आई, बंद केलं हो त्यांनी. माझ्याने काही झालं नाही."

सासूबाईंनी हात सोडवून घेतला, रागाने नाही, कुणी काम करताना मध्ये आलेल्या पोराला बाजूला करावं तसा. बोट खुर्चीच्या हातावर गेलं. टक, टकटक. मग त्या थांबल्या. मान किंचित कलती, कान कुठेतरी लागलेला. थांबणं संपलं आणि चेहऱ्याची चांगली बाजू हसली. टक.

खेळाची गरज त्यांना पूर्वीच उरली नव्हती. तो जिना होता, चढून झाला होता.

पहिले काही दिवस ती त्या खोलीत नाइलाजाने जायची. भरवायची, पुसायची, कूस बदलायची, आणि ते थांबणं सुरू झालं की बाहेर यायची. कुणीतरी बोलतंय आणि आपल्याला ऐकू येत नाही, हे कळल्यावर खोलीतली शांतता अंगावर येते. मग हळूहळू भीती मागे पडली आणि तिच्या जागी जे आलं त्याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं. तिला हेवा वाटायला लागला. इतकी वर्षं एका छपराखाली, मी हातातलं काम टाकून यांच्यासाठी घरात बसले, आणि बोलायला यांना कोण, तर पलीकडचा तो. एकदा तिने टेबलावर मुद्दाम नख वाजवलं, टक. सासूबाईंनी डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि पुन्हा मिटले. ताट सरकवलं की नाही सरकवलं, ते काही कळलं नाही.

सासूबाई गेल्या त्या शांतपणे, सकाळी, नवऱ्याच्या मांडीवर डोकं ठेवून. करायचं ते सगळं झाल्यावर तिला सेवकाची आठवण झाली. आजोबांना सांगायला तर हवं. तिने फोन केला.

"कसं सांगू, ताई," सेवक म्हणाला. "तुम्हीच येऊन सांगा."

"का? तब्येत बरी नाही का त्यांची?"

"तब्येत उत्तम आहे. वाजवतायत. आज जरा जास्तच वाजवतायत."

ती गेली. नवरा सोबत येतो म्हणाला आणि आयत्या वेळी त्याला कुठल्याशा लिफ्टचं काम निघालं; तिने त्याला दोष दिला नाही. संस्थेची लांब खोली, पलंगांची रांग, खिडक्यांना पांढरे पडदे. आजोबा शेवटच्या पलंगावर उशाशी टेकून बसले होते. अंगाने काटकुळे, दाढी स्वच्छ केलेली, तोंडात एकही दात नाही. बोट लोखंडी दांडीवर.

ती स्टुलावर बसली. काय बोलायचं ते वाटेत घोकलं होतं, ते सगळं विसरली. "आजोबा," ती म्हणाली, "मी कवळ्या करते. तुम्हाला दात करून देऊ का?"

आजोबांनी बोट थांबवलं. इतक्या दिवसांत प्रथमच, असं सेवक नंतर म्हणाला. त्यांनी तोंड उघडलं.

तिने सामान आणलंच होतं, सवयीने. गुलाबी लगदा कालवला, ट्रेमध्ये भरला, त्यांच्या वरच्या हिरडीवर दाबून धरला. लगदा घट्ट होईपर्यंत थांबायचं असतं. तिचा अंगठा त्यांच्या गालाशी होता, आणि दांडीवर बोट पुन्हा सुरू झालं. टक. थांबणं. टकटक. त्या थांबण्यात आजोबांचा गाल तिच्या अंगठ्याखाली हलला. ते हसत होते.

तिने साचा बाहेर काढला. आजोबांनी जीभ फिरवून तोंड साफ केलं आणि स्वच्छ, जुन्या ऑपरेटरच्या आवाजात म्हणाले, "ती विचारतेय, मोठ्या कपाटाच्या माळ्यावरचं निळं पांघरूण कुणी उन्हात घातलं की नाही? म्हणते, कसर लागलीय."

"आजोबा," ती कशीबशी म्हणाली, "आई गेल्या. महिना होत आला."

"हो, म्हणाली ती," आजोबा म्हणाले. "लाइन आता जास्त साफ येते."

घरी येऊन तिने शिडी लावली. माळ्यावर, जुन्या बॅगांच्या मागे, निळं लोकरीचं पांघरूण होतं. ते तिने या घरात आल्यापासून कधी पाहिलेलं नव्हतं. नवऱ्यालाही आठवत नव्हतं. झटकलं तर कसरीचे किडे हातावर पडले, जिवंत, वळवळणारे. तिने ते गॅलरीत उन्हात पसरलं आणि दिवसभर त्याकडे पाठ करून काम केलं.

दात बसवायला, मग ते टोचतात म्हणून घासून द्यायला, तिचं तिथे जाणं होत राहिलं. छोटी मोटर ती बरोबर घेऊन जायची. आजोबांना नव्या दातांचं फार कौतुक. सफरचंद मागवून करकर खायचे. तिकडे खेळात पुढचं एक्स्पान्शन आलं, नवे डेक वर चढले, जुने उतरले, कुणीतरी दुसरंच कुणी आता क्रम लावत होतं. ती ते वाचायची, मनात म्हणायची, हा वारूळवाला डेक यांनी फार वर धरलाय, आणि फोन खाली ठेवायची.

एका दुपारी ती आजोबांच्या कवळीची कड बघत होती. आजोबांचं बोट दांडीवर चाललं होतं. थांबणं फार लांबलं. मग ते तिच्या दिशेने वळले, बिनदाताच्या तोंडाने, न दिसणारे डोळे बरोबर तिच्या चेहऱ्यावर ठेवून.

"ती तुझ्याबद्दल काही सांगतेय," ते म्हणाले. "ती म्हणते, इतकी वर्षं मी तुला..."

तिने पायाखालचं बटण दाबलं. मोटर गरगरायला लागली. ताट सरकलं की नाही, ते तिला आता कळून घ्यायचं नव्हतं. कवळीची कड आधीच गुळगुळीत होती, तरी ती ती घासत राहिली. आजोबांचे ओठ हलत होते, आणि मान खाली घालून ती दाताच्या भुग्याकडे बघत होती, ते हलायचे थांबेपर्यंत.